साठीनंतर एल्कच्या शिकारीला: अमेरिकेतले वयस्कर शिकारी वर्षभर आधी काय तयारी करतात? आणि त्यातलं आपल्या कामाचं काय?

मोबाइलवर हे रील तुमच्याही नजरेस पडलं असेल. बर्फाळ डोंगर, अंगात भडक नारिंगी जाकीट, हातात रायफल आणि समोर घोड्याएवढं शिंगवालं जनावर. खाली कुणीतरी हमखास विचारतं, "हे हरीण आहे की काय? आणि तिकडे शिकारीला परवानगी कशी काय?"

त्या जनावराचं नाव एल्क. आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण थोराड. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी पाच फूट उंच भरतो आणि वजन तीनशे किलोच्या घरात जातं. शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, आपल्या चितळ-सांबरासारखीच. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो, न्यू मेक्सिको या डोंगराळ राज्यांत हे कळप आहेत. एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत.

तिथे साठी-सत्तरीतले बरेच लोक आयुष्यात एकदा तरी एल्कच्या मागे डोंगरात जायचं ठरवतात. पण हे ठरवायला आणि प्रत्यक्ष जायला मध्ये आठ-दहा महिने लागतात. कागद, पैसा, पाय आणि काळीज, या चारही गोष्टी आधी तयार कराव्या लागतात. ही तयारी कशी होते ते आज समजून घेऊ. शिकारीशी आपला संबंध नसला तरी उंच डोंगरात वयस्कर माणसाने कसं जावं, हा भाग केदारनाथ-अमरनाथला जाणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट: आपल्याकडे शिकार गुन्हा आहे

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. सांबर, चितळ, भेकर, ससा, मोर, यातल्या कशाचीही शिकार केली तर गुन्हा दाखल होतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याच्या लेखी परवानगीची वेगळी पद्धत आहे, पण ती परवानगी हातात नसताना बार काढणं, फासे लावणं किंवा कुंपणात वीज सोडणं हा गुन्हाच. तेव्हा खाली जे सांगितलंय ते तिकडचं आहे, इकडे करून बघायचं नाही.

मग तिकडे परवानगी का?

तिकडेही एकेकाळी जनावरं संपत आली होती. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क लाखाच्याही खाली आले. पूर्वेकडची एल्कची जात तर कायमची नाहीशी झाली. मग सरकारने शिकारीचं मांस विकायला बंदी घातली, मोसम ठरवले आणि कुठल्या भागात किती जनावरं मारता येतील याचा आकडा राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवू लागलं.

१९३७ साली एक कायदा आला. त्यानुसार रायफल-बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. शिवाय शिकारीच्या परवान्याची फी. एल्क आज पुन्हा दहा लाखांच्या आसपास आहेत, त्यामागे हा पैसा आणि ही शिस्त आहे. शिकारीला विरोध करणारे लोक तिकडेही आहेत आणि वादही चालू असतो. पण पद्धत अशी आहे.

पहिली पायरी: नंबर लागायला हवा

पैसे भरले आणि निघालो, असं होत नाही. एका माणसाला एका मोसमात साधारण एकाच एल्कचा परवाना मिळतो. त्याला तिकडे टॅग म्हणतात. टॅगवर विभाग, तारखा आणि नर की मादी हे सगळं लिहिलेलं असतं. चुकीच्या विभागात पाऊल टाकून गोळी झाडली तर तो गुन्हा.

चांगल्या विभागांसाठी सोडत निघते, म्हाडाच्या घरांची निघते तशी. कोलोरॅडोत अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या लोकांना फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अर्ज भरावा लागतो. शिकार ऑक्टोबरमध्ये असली तरी कागद थंडीतच सुरू होतात ते यामुळे.

कोलोरॅडोत नंबर लागला नाही तर त्या वर्षाचा एक गुण जमा होतो. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी. काही नामांकित विभागांत वीस-वीस वर्षांचे गुण लागतात.

वयस्कर माणसाचा पहिला हिशेब इथेच असतो. समजा एखादा ६४ वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे तीन गुण आहेत. वीस गुणांच्या विभागाची वाट बघत बसला तर नंबर लागेल तेव्हा वय ८१ झालेलं असेल. म्हणून जाणकार सांगतात, साठीनंतर गुण साठवायचे नाहीत, खर्चायचे. मोठ्या शिंगांचा नाद सोडून सहज मिळणारा टॅग घ्यायचा. मादीचा टॅग तर बहुतेक ठिकाणी लवकर मिळतो, आणि खाणाऱ्याला शिंगांचं काय करायचंय? न्यू मेक्सिकोत गुणांची भानगडच नाही, दरवर्षी सगळे सारखे. तिथेही लोक नशीब अजमावतात.

परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ च्या आधी जन्मलेल्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे त्याआधी जन्मलेल्या आजोबांना हा एक कागद कमी.

खर्च किती?

त्या राज्यात राहणाऱ्याला टॅग स्वस्त असतो. बाहेरून येणाऱ्याला कोलोरॅडोत नर एल्कचा टॅग आठशे डॉलरच्या आसपास पडतो, म्हणजे आपले सत्तर हजार रुपये. आणि एवढे भरूनही जनावर मिळेलच याची खात्री नाही. बरेच लोक रिकाम्या हाताने परत येतात.

पुढचा खर्च कशा पद्धतीने जायचं यावर ठरतो:

१. स्वतःच्या हिमतीवर: तंबू, गाडी, जेवण सगळं आपलं. सरकारी जंगलाची जमीन तिकडे जनतेसाठी खुली असते. पैसे कमी लागतात, अंगमेहनत सगळ्यात जास्त.

२. सामान पोचवून देणारे: घोडे-खेचरांवरून तुम्हाला आणि सामानाला आत डोंगरात नेतात, तंबू उभा करून देतात आणि ठरल्या दिवशी न्यायला येतात. शिकार तुमची तुम्ही करायची.

३. वाटाड्यासह पूर्ण सोय: राहणं, जेवण, घोडा आणि सोबत माहीतगार माणूस. खर्च पाच-सहा हजार डॉलरपासून पुढे.

४. खासगी रानात: तिकडे शेतकऱ्यांची हजारो एकरांची कुरणं असतात. मालकाला पैसे देऊन तिथे शिकार करता येते. चढ कमी, गाडी जवळपर्यंत जाते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हाच मार्ग सोयीचा. अंतर्गत रस्त्यांवर गाडी चालते, पण गाडीतून गोळी झाडायला सर्वसाधारणपणे मनाई असते. अपंगत्वाचा दाखला असेल तर काही राज्यांत उभ्या गाडीतून झाडायची वेगळी परवानगी मिळते.

वायोमिंगचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या राखीव निबिड रानात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एकट्याने एल्कच्या शिकारीला जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी सोबत असावाच लागतो.

कधी जायचं?

सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. नर शिट्टीसारखा लांबलचक आवाज काढतात आणि डोंगर दणाणून सोडतात. हवा चांगली असते, पण तेव्हा मुख्यतः धनुष्यबाणाची शिकार चालते. त्यासाठी जनावराच्या तीस-चाळीस पावलांवर जावं लागतं, म्हणजे चाल भरपूर.

रायफलीचा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. कोलोरॅडोत पहिला मोसम ऑक्टोबरच्या मध्यावर, पाचच दिवसांचा. पुढचे मोसम जसे थंडीकडे सरकतात तसा बर्फ वाढतो. बर्फामुळे एल्क वरच्या डोंगरातून खाली उतरतात, म्हणजे चढ कमी करावा लागतो, पण गारठा मात्र हाडात शिरतो. ज्याचे गुडघे कमजोर त्याने उशिराचा मोसम बघावा, ज्याला थंडी सोसत नाही त्याने लवकरचा, असा सरळ व्यवहार आहे.

दुसरी पायरी: अर्जाआधी डॉक्टर

ऑक्टोबरच्या शिकारीसाठी डॉक्टरकडे जानेवारी-फेब्रुवारीतच जायचं. टॅगचे पैसे भरल्यावर नाही.

मिशिगन राज्यातल्या डॉक्टरांनी हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या छातीला यंत्रं लावून बघितलं होतं. दवाखान्यातल्या पट्ट्यावर चालवून ठोक्यांची जी कमाल मर्यादा मिळाली होती, काही जणांचे ठोके रानात तिच्याही वर गेले. नुसतं चालण्याने असं होत नाही. जनावर दिसल्यावरची धडधड, थंडी, जाड कपडे आणि शेवटी मेलेलं जनावर ओढायची ताकद, हे सगळं एकदम काळजावर येतं. एरवी खुर्चीत बसणाऱ्या माणसाने वर्षातून एकदाच असं केलं तर धोका आहेच.

म्हणून रक्तदाब, साखर, हृदयाची तपासणी आणि चालू गोळ्यांची यादी दाखवून डॉक्टरचा सल्ला घेतला जातो. डॉक्टर "नको" म्हणाले तर खासगी रानातली सोपी शिकार निवडतात, किंवा रायफल नातवाच्या हाती देऊन स्वतः तळावर थांबतात. त्यात कमीपणा कुणी मानत नाही.

तिसरी पायरी: पाय तयार करणं

तयारीला निदान सहा महिने हवेत. सुरुवात सपाटीवर रोज अर्धा तास चालण्याने. महिन्याभराने चढ-उतार. मग पाठीवर थैली, आधी दोन-तीन किलो, पुढे हळूहळू आठ-दहा. घराच्या पायऱ्या चढणं-उतरणं हा सगळ्यात स्वस्त व्यायाम. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, म्हणून मांड्या मजबूत लागतात. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालायची सवय आधीपासून लावतात. आपल्याकडे वारीला निघायच्या महिनाभर आधीपासून चालणारी अनुभवी मंडळी असतात, त्यातलाच प्रकार.

बूट नवे कोरे घालून कधीच निघत नाहीत. दोन-तीन महिने वापरून, पायाला बसवून मगच.

रायफलीचा सरावही असतो. थोराड धक्का देणाऱ्या रायफलीपेक्षा खांद्याला झेपेल ती बरी. सपाटीवर बसून नेम लागतो, पण चढून आल्यावर धाप लागलेली असताना किती अंतरावर लागतो ते बघून स्वतःची मर्यादा ठरवायची. त्याच्या पलीकडे जनावर कितीही मोठं दिसलं तरी घोडा ओढायचा नाही. जखमी होऊन पळालेलं जनावर शोधायला म्हाताऱ्या पायांनी दोन डोंगर तुडवावे लागतात, आणि त्या मुक्या जीवाचे हाल होतात ते वेगळेच.

चौथी पायरी: विरळ हवा

हा भाग नीट वाचा, कारण इथेच आपल्या लोकांचंही चुकतं.

आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर हे शहरच ५,२८० फुटांवर आहे. म्हणजे तिथला माणूस कळसूबाईएवढ्या उंचीवर राहतो, बाजारहाट करतो. एल्क असतात त्याच्याही वर, आठ ते अकरा हजार फुटांवर.

दहा हजार फुटांवर हवा समुद्रकाठच्या तुलनेत जवळपास ३० टक्के विरळ होते. आठ हजार फुटांच्या पुढे बऱ्याच लोकांना डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं असा त्रास सुरू होतो. माणूस तगडा आहे की किरकोळ, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पैलवानालाही होतो.

म्हणून खालून येणारे शिकारी डेन्व्हरसारख्या ठिकाणी एक-दोन रात्री मुक्काम करतात. मग आठ हजारांच्या आसपास एखादी रात्र. नऊ-दहा हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात साधारण दीड हजार फुटांपेक्षा जास्त वर न्यायची नाही. पाणी पीत राहायचं, पहिले दोन-तीन दिवस दारूला हात लावायचा नाही, झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. या त्रासावर गोळी मिळते, पण ती डॉक्टरला विचारूनच.

दोन लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, रात्र असली तरी खाली उतरायचं. एक, बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला वाढणं. दुसरं, झिंगल्यासारखी चाल होणं किंवा असंबद्ध बोलणं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ही खूण असते. "सकाळी बघू" म्हणण्यात जीव जातो.

आता आपल्याकडे या. गौरीकुंड साडेसहा हजार फुटांवर, केदारनाथ पावणेबारा हजारांवर. आपल्या गावातले सत्तरीचे आजी-आजोबा गाडीतून उतरतात आणि एकाच दिवसात पाच हजार फूट वर चढतात. घोड्यावर बसून गेले तरी हवा तेवढीच विरळ असते. घोडा पायांचा त्रास वाचवतो, फुप्फुसांचा नाही. यात्रेचं बुकिंग करताना वाटेत एक-दोन मुक्काम जास्तीचे धरा. खर्च थोडा वाढेल, पण माणूस घरी सुखरूप येईल.

थंडी, कपडे आणि मोबाइल

तिकडचे जुने शिकारी सुती कपडे डोंगरात घालत नाहीत. सुती कापड घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आपल्या धनगर बांधवांना हे वेगळं सांगायला नको, त्यांचं घोंगडं पावसात हेच काम करतं.

रायफलीच्या मोसमात काही राज्यांत भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे असतात. कोलोरॅडोत अंगावर कमीत कमी ५०० चौरस इंच आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. कारण एकच, दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला जनावर समजू नये. वायोमिंग, मोंटानाच्या काही भागांत मोठी तपकिरी अस्वलं आहेत, तिथे मिरचीच्या फवाऱ्याचा डबा कमरेला हाताशी ठेवतात. थैलीच्या तळाशी ठेवला तर काही उपयोग नाही.

मोबाइलला डोंगरात रेंज नसते. त्यामुळे नकाशा घरूनच डाउनलोड करतात आणि बॅटरी वाचवायला फोन विमान मोडवर टाकतात. तरीही नकाशावर आपली जागा दिसते. सोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र असतं. त्यावरचं बटण दाबलं की बचाव पथकाला तुमची नेमकी जागा कळते. आणि यंत्र असो वा नसो, कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरच्यांना कागदावर लिहून देतात. एवढं तर सह्याद्रीतल्या ट्रेकलाही करता येतं.

गोळी लागल्यावर खरं काम सुरू

तीनशे किलोचं जनावर डोंगरात आडवं झालं. आता ते गाडीपर्यंत कसं न्यायचं?

जागेवरच कातडं सोलून चार फऱ्या आणि पाठीचं मांस वेगळं करतात, जाळीदार कापडी पिशव्यांत भरतात आणि सावलीत टांगतात. एकेक मागची फरी पंचवीस-तीस किलोची. तरण्याताठ्या माणसालाही चार-पाच खेपा लागतात. साठीतल्या माणसाने हे एकट्याने करू नये, हा नियमच समजा. म्हणून मोसमाच्या आधीच खेचरवाल्याशी बोलणं करून ठेवतात: फोन आला की यायचं, अमुक पैसे. ते ठरलं नसेल तर रस्त्यापासून मैल-दीड मैलाच्या पुढे शिकारच करत नाहीत.

मांस टाकून फक्त शिंगं घेऊन येणं हा तिकडे गुन्हा आहे. खाण्याजोगं मांस आणावंच लागतं. नर की मादी याचा पुरावा मांसाला चिकटलेला ठेवावा लागतो, टॅग जोडावा लागतो, आणि वाटेत वनाधिकारी तपासतात.

एक रोगही आहे. हरीण-एल्कच्या मेंदूला पोखरणारा हा रोग १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही रोगट भागातल्या जनावराचं डोकं तपासणीला देतात आणि अहवालात रोग निघाला तर मांस खाऊ नका असं तिथलं आरोग्य खातं सांगतं.

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

आपल्या तालुक्यांतली बरीच मुलं तिकडे नोकरीला आहेत. आई-वडील सहा महिने राहायला जातात. मुलाचा मित्र हौसेने "काका, चला, रायफल धरून बघा" म्हणू शकतो. इथे सावध राहा. पर्यटक किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. चालू शिकार परवाना असलेल्यांना त्यात सवलत आहे, पण कागद नीट नसेल तर प्रकरण व्हिसावर शेकतं. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

एल्क बघायचेच असतील तर परवाना लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात किंवा वायोमिंगच्या यलोस्टोनमध्ये ते रस्त्याकडेला चरताना दिसतात. माजावर आलेला नर अंगावर येतो, त्यामुळे गाडीजवळच थांबायचं. उद्यानातले रस्ते आठ हजार फुटांच्या आसपास आणि त्याहून वर जातात, तेव्हा विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी जायची घाई नको. दोन दिवस खाली आराम, मग वर.